झोर्की-४ या जुन्या रशियन फिल्म कॅमेऱ्याला रेंजफाइंडरशी (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची सोय) न जुळणारी २० मिमी रुसार लेन्स घ्यावी का? फोकस कसा होणार?

घ्या. रेंजफाइंडरशी जोड नाही एवढ्या कारणावरून रुसार नाकारणारे लोक पाहिले की माझं डोकं फिरतं. २० मिमीला फोकस करत बसायचंच नसतं. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवा, अंतराची रिंग १.७ मीटरला आणा, मग साधारण ८५ सेंटीमीटरपासून पार लांबपर्यंत सगळं नीट येतं. रिंग फिरवली तरी व्ह्यूफाइंडरमधला रेंजफाइंडरचा ठिपका जागचा हलणार नाही, त्याच्याकडे बघू नका.

आमचे जिभाऊ (थोरले चुलतभाऊ, हयात लग्नाचे फोटो काढण्यात गेली) याला 'अंदाजपंचे काम' म्हणतात. एका श्रावणात धुळ्याजवळच्या आमच्या गावी कानबाईच्या (आमच्या खानदेशातली देवी) विसर्जनाला आम्ही दोघं शेजारी उभे होतो. सोमवारची सकाळ, आभाळ भरलेलं, दोघांकडे ४०० ची फिल्म. त्यांच्याकडे ५० मिमीची ज्युपिटर-८ लेन्स, तीही मागची गर्दी पुसायला एफ/२ वर उघडी. दीड मीटरवरच्या माणसाला तिथे जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटरची फोकसची खोली मिळते. गल्ली अरुंद, बाया फुगड्या घालत अंगावर येतायत. जिभाऊ दोन प्रतिमा जुळवेपर्यंत बाई पुढे निघून जायची. मी शटरला १२५ चा स्पीड लावून नुसतं बटण दाबत होतो. त्यातल्या एका फोटोत डोक्यावरची कानबाई सावरणारा हात आहे, बांगड्यांना चिकटलेलं कुंकू दिसतं, आणि त्याच फोटोत गल्लीच्या टोकाला सनईवाल्याचे फुगलेले गालही स्पष्ट आहेत.

प्रिंट बघून जिभाऊ म्हणाले, "नशीब तुझं." नशीब कसलं? लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेत, ते वाचून काम केलं. लायकाच्या एम कॅमेऱ्यांसाठी झाइसची १५ मिमी होलोगॉन निघाली, तिलाही जोड नव्हती. १९९९ ची फोइग्टलेंडरची १५ मिमी हेलियारही तशीच. हे सगळे काय नशिबावर लेन्स बनवत होते?

झोर्कीचा व्ह्यूफाइंडर ५० मिमीपुरताच दाखवतो, म्हणून कॅमेऱ्याच्या वरच्या शूवर (खाचेत) बसणारा २० मिमीचा वेगळा फाइंडर लागेलच. त्याचे पैसे धरूनच सौदा करा. अ‍ॅपर्चरची रिंग पुढच्या काचेभोवती आहे, चालत्या मिरवणुकीत ती बदलायच्या फंदात पडू नका. मागची काच खूप आत जाते, त्यामुळे पुढे कधी लायका एम५ किंवा सीएल घेतलात तर त्यावर ही लावू नका, आतल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या दांडीला लागेल. कडेला चेहरा आला तर ताणला जातो. आणि हे सगळं फक्त वाइड लेन्सपुरतं. जोड नसलेली ५० मिमी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, नवरा-नवरीचे जवळून चेहरे काढायला जिभाऊंची ज्युपिटरच हवी. पण मिरवणुकीच्या फोटोंना नशीब म्हणणं त्यांनी सोडावं. पुढच्या श्रावणात त्यांनी रुसार लावावी, मी ज्युपिटर लावतो, फिल्म माझ्याकडून.