सही करायच्या आधी

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले करारनाम्याचे फोटो मोठे करून करून वाचले. गाणं त्याआधीच ऐकलं होतं. गाणं चांगलं आहे, करारनामा नाही. एकरकमी पैसे देऊन ते चॅनलवाले तुझे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग तिन्ही घ्यायला बघतायत, तेही ‘कायमस्वरूपी व संपूर्ण जगभरासाठी’. पहिल्यांदाच कुणी गाण्याचे पैसे देतंय म्हटल्यावर रक्कम मोठी वाटणारच. पण लग्नसराईत ऑर्केस्ट्रात चार-पाच रात्री उभी राहिलीस तरी तेवढे सुटतात, हा हिशोब एकदा घरी करून बघ.

कायद्याच्या लेखी गाणं ही एकच मालमत्ता नसते. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल लावणाऱ्याची, आणि मास्टर, म्हणजे अंतिम रेकॉर्डिंग, ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून करून घेतलं त्याचं. पहिले दोन हक्क तुझेच आहेत. स्टुडिओ तू ठरवून त्याचे पैसेही तूच भरलेस तर तिसराही तुझाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. तो द्यायचाच तर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे कलाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला. म्हणजे ‘सर्व रॉयल्टीवरील हक्क सोडत आहे’ हे त्यांचं सातवं कलम टिकणारं नाही. तरी ते खोडूनच घे. टिकत नाही हे सिद्ध करायला परभणीहून कोर्टाच्या चकरा मारणार कोण?

अजून एक गंमत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ एवढंच ठळक टाइपात आहे.

त्यांना सरळ सांग: शब्द-चाल माझी राहील, मास्टर फक्त युट्यूबसाठी तीन वर्षांच्या लायसन्सवर देते, बाकी प्लॅटफॉर्मवर मी स्वतः टाकणार. ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणाले तर चहा पिऊन उठ. भांडू नकोस, ही माणसं पुढे-मागे कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात भेटतातच.

तुझ्या नावाचं तेवढं बघ. पॅनवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, इन्स्टावर तिसरंच. आयपीआरएस ही १९६९ पासूनची गीतकार-संगीतकारांची अशीच कॉपीराइट सोसायटी. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, स्टेज, स्ट्रीमिंग अशा सगळीकडून ती पैसे गोळा करते. तिथे सभासद होऊन गाणं नोंदवलंस आणि नावच जुळलं नाही तर तुझे पैसे अडकून पडतात. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं सगळ्या प्लॅटफॉर्मवर पोचवणारी कंपनी, प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा कोड देतो. तो वहीत लिहून ठेव. फोन हरवतो, वही सहसा हरवत नाही.

गाण्याची वाद्यं बसवणारा तुझा अरेंजर मित्र ‘आपल्यात काय हिशोब’ म्हणतोय, ते मला आवडलं नाही. मैत्री आहे तोवरच टक्केवारी लिहून दोघांनी सह्या करा, साधा कागद चालेल. त्याने वापरलेली बीट, म्हणजे गाण्याखालचं तयार संगीत, युट्यूबवरून ‘फ्री’ म्हणून उचललेली आहे का, तेही विचार. तशा बीट बहुतेक वेळा फक्त बिनकमाईच्या वापरासाठी असतात. गाणं चाललं की कंटेंट आयडीचा, म्हणजे युट्यूबच्या संगीत ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे भलत्याच्याच खात्यात जातात. त्याच्याकडून एमपी३ वर समाधान मानू नकोस. डब्ल्यूएव्ही म्हणजे पूर्ण दर्जाची फाइल, सगळे ट्रॅक सुटे आणि तुझा आवाज वगळून नुसत्या वाद्यांची फाइल एवढं ताब्यात घे. उद्या स्टेजवर ही शेवटची फाइलच लागते.

जनाबाईंच्या अभंगाबद्दल विचारलंस. गंगाखेडच्या माणसानं जनाबाई गायला कुणाची परवानगी घ्यायची! शब्द सगळ्यांचे आहेत. तू धरलेली चाल मात्र रेडिओवरची आहे, आणि चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तुझ्या आजीची जात्यावरची चाल त्यापेक्षा मला जास्त आवडली. ती घे, आणि श्रेयनामावलीत आजीचं नाव टाक.

आता मुंबई. देवगिरी एक्सप्रेस परभणी स्टेशनात थांबतेच, ती कुठे पळून जात नाही. पण दोन गाण्यांवर तिथे जाऊन खोलीभाडं भरत बसशील आणि लिहिणं राहून जाईल. तुझं गाणं कुणासाठी आहे ते आधी ओळख. लातूर-नांदेडला क्लाससाठी येऊन राहिलेली हजारो पोरं आहेत, घरापासून पहिल्यांदाच लांब. रात्री अकराला पुस्तक मिटून कानात हेडफोन घालतात. ‘आई फोनवर पाऊस विचारते’ ही तुझी ओळ त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. होस्टेलच्या मेसमध्ये, कॉलेजच्या गॅदरिंगला, संभाजीनगरच्या एखाद्या कॅफेत तीस माणसांसमोर गा. ऑर्केस्ट्रा सोडू नकोस. चार हिट गाणी झाली की मध्येच आपलं एक सरकवायचं. लोक चहाला उठले तर मुखडा लांबलाय असं समज.

प्ले-मोजणीचं वेड लावून घेऊ नकोस. स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत, आणि धरल्यावर जे मिळतात ते ऐकून तुझे बाबा हसतील. घर चालतं ते कार्यक्रमांवर. स्ट्रीमिंगमुळे कार्यक्रमाला बोलावणाऱ्याला तुझं नाव माहीत असतं, एवढा त्याचा उपयोग.

डेमोत दुसऱ्या अंतऱ्यात कुकरची शिट्टी येते. मला तिचा त्रास झाला नाही, पण मास्टरमध्ये नको. रात्री सगळे झोपल्यावर पंखा बंद कर, मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांग, माइकपासून वीतभर लांब उभी राहा. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेव आणि आवाजाची लेव्हल उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. लाइट गेली तर लॅपटॉपच्या बॅटरीवर होतं, उलट तेव्हा शेजारचे कूलरही बंद असतात.

चॅनलवाल्यांचा सुधारलेला मसुदा आला की आधी मला पाठव. रविवारी सकाळी बारसं आहे, दुपारनंतर फोन कर.

तुझे,
काका