लक्ष्मी रोडला आईला घेऊन जायचंय, गाडी कुठे लावू?

प्रश्न : आम्ही चिंचवडला राहतो. आई ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात म्हणून तुळशीबाग, लक्ष्मी रोडला कारनेच नेते. गेल्या वेळी एका बोळात गाडी लावली आणि तासाभरात टो झाली, आईला दुकानाच्या पायरीवर बसवून मी गाडी शोधत फिरले. दिवाळीची खरेदी तोंडावर आलीय. गाडी कुठे लावू? आणि पार्किंगवाल्याकडे चावी द्यावी का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, त्या दिवशी आईंची आणि तुमची काय अवस्था झाली असेल ते कळतंय मला, म्हणून आधी सरळच सांगते, दिवाळीच्या गर्दीत पेठेत कार नेऊच नका. तुमच्या पिंपरीतल्या पीसीएमसी (पिंपरी-चिंचवड महापालिका) स्टेशनवरून मेट्रो थेट मंडईला जाते, सप्टेंबर २०२४ ला शिवाजीनगर कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी भाग सुरू झाला तेव्हापासून मधे गाडी बदलायचीही गरज नाही, स्टेशनात लिफ्ट आहे आणि बाहेर आलात की तुळशीबाग अगदी जवळ. घरातल्या कुणीतरी पिंपरीला स्टेशनपर्यंत सोडलं की झालं, येताना पिशव्या जड असतील तर मंडईतून रिक्षा करा.

कार न्यायचीच असेल तर साधा वार बघून सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला जा. मंडईत महापालिकेचे दोन बहुमजली वाहनतळ आहेत, पाटीवर बाबू गेनू आणि सतीश मिसाळ अशी नावं असली तरी रिक्षावाल्याला आर्यन आणि मिनर्व्हा म्हटलेलंच पटकन कळतं, पूर्वी तिथे त्या नावांची थिएटरं होती ना. नारायण पेठेत हमालवाडाही आहे. आधी आईंना दुकानाशी उतरवा, सोबत कुणीतरी असू द्या, मग गाडी लावायला जा, म्हणजे त्यांना चालावंही लागणार नाही आणि एकटंही बसावं लागणार नाही.

रस्त्यावर लावणार असाल तर पी-१, पी-२ ची पाटी शोधा, पी-१ म्हणजे विषम तारखेची बाजू आणि पी-२ म्हणजे सम तारखेची, म्हणजे तारखेप्रमाणे बाजू बदलते आणि कितीतरी वेळा ती पाटी एखाद्या बॅनरमागे लपलेली असते. कालच्या बाजूला आज लावली की उचललीच समजा. ३१ आणि १ दोन्ही विषम, तेव्हा मात्र बाजू तीच राहते. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५०० रुपये, टोइंगचे पैसे वेगळे.

डेक्कनला नदीपात्रात गाडी लावून भिडे पुलावरून चालत येणारे खूप आहेत, पण पावसाळ्यात कृपा करून तिथे लावू नका. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल बुडतो, आणि तुम्ही दुकानात साड्या बघत असताना खाली पाणी कधी चढलं ते कळणारही नाही.

आता चावीचं. शक्यतो देऊ नका, स्वतः लावा. समोर दुसरी गाडी येणार म्हणून चावी मागितली तर छापील पावती घ्या, त्यावर गाडीचा नंबर आणि वेळ आहे ना बघा, गाडीचा चारी बाजूंनी आणि किलोमीटरच्या आकड्याचाही फोटो काढून ठेवा. दराची पाटी वाचूनच पैसे द्या. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापलेलं असतं त्याला फार घाबरू नका, दिल्लीतल्या एका हॉटेलमधून १९९८ साली चोरीला गेलेल्या कारच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१९ ला सांगितलंय की हॉटेलच्या माणसाने चावी घेऊन गाडी ताब्यात घेतली असेल तर नुसत्या अशा ओळीमुळे हॉटेलची जबाबदारी सुटत नाही. तो निकाल हॉटेलच्या व्हॅलेटचा आहे, प्रत्येक पार्किंगला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, पण पावतीशिवाय तुमची बाजू मांडणार कशी, म्हणून ती गाडीत न ठेवता पर्समध्ये ठेवा.