टेबलावरची आर्केड पेटी: मापं हातांवरून काढा, स्क्रीनवरून नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक; पुढे नुसतं ‘पाय’) हाताशी आहे, बिघडलेल्या लॅपटॉपची १५.६ इंची स्क्रीन काढून ठेवली आहे, आणि १२ मिमी एमडीएफमध्ये ४० सेंमी रुंदीची, दोघांना खेळता येईल अशी, पार्लरमधल्या व्हिडिओ गेमसारखी टेबलावरची पेटी करायची आहे. खेळ मुख्यतः मुस्तफा आणि पॅक-मॅन. पाय ४ या कामाला भरपूर झाला. पण ४० सेंमीत दोन माणसं मावत नाहीत, आणि ती स्क्रीन या खेळांसाठी योग्य नाही. लाकूड आणायच्या आधी या दोन गोष्टींचा फेरविचार करा.

आधी रुंदी. मोठ्या माणसाचे खांदे ४०-४५ सेंमी असतात. म्हणजे ६० सेंमीच्या पॅनेलवरसुद्धा दोघांचे खांदे एकमेकांना लागतात, पण खेळता येतं. त्याहून कमी केलं तर डावीकडच्याचं उजवं कोपर आणि उजवीकडच्याचं डावं कोपर सतत भांडतात. पेटी लहानच हवी असेल तर धड ४२ सेंमीचं करा आणि कंट्रोल पॅनेल दोन्ही बाजूंनी बाहेर काढून ६० सेंमीचं ठेवा. बटणं गरजेपुरतीच. मुस्तफाला मारणं आणि उडी अशी दोनच लागतात, मेटल स्लगला तीन, किंग ऑफ फायटर्सला चार. प्रत्येकी चार बटणं घेतलीत की आपल्याकडच्या पार्लरमध्ये चालणारे बहुतेक खेळ आले. सहा लागतात ती स्ट्रीट फायटर २ सारख्या खेळांना. तसा खेळ हवाच असेल तर मी म्हणेन, एका खेळाडूची पेटी करा.

उंचीचा विचार सहसा कोणी करत नाही, आणि खांदे दुखायला लागतात ते त्यामुळेच. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंमी उंच असतं. जॉयस्टिकचं (पुढे नुसतं ‘स्टिक’) यंत्र, बटणांचे टर्मिनल आणि वायरी मावायला पॅनेलखाली ६-७ सेंमी जागा लागतेच. म्हणजे पॅनेलची जाडी धरून हात ८२-८३ सेंमीवर गेले, आणि साध्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं कोपर त्याच्या बरंच खाली असतं. पॅनेलची पुढची कड शक्य तितकी खाली ठेवा, बाकी यंत्रणा स्क्रीनच्या मागे ढकला. माझं स्वतःचं मत, अशी पेटी चौरंगावर किंवा बैठ्या टेबलावर ठेवून मांडी घालून खेळण्यात जे सुख आहे ते खुर्चीत नाही. मुलंही सहज पोहोचतात.

आता स्क्रीन. मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. त्याचं चित्र २२४ ओळींचं आणि ४:३ आकाराचं. पॅक-मॅन १९८० चा, नामकोचा. त्याचं चित्र उभं, २२४ बाय २८८. ही चित्रं पूर्ण पटीत मोठी केली तरच स्वच्छ दिसतात. साडेचारपट वगैरे केली की काही ओळी जाड, काही बारीक होतात आणि पडदा सरकताना चित्र थरथरतं. लॅपटॉपच्या १०८० ओळींच्या स्क्रीनवर २२४ ची चौपट, म्हणजे ८९६ ओळी बसतात. त्या स्क्रीनची उंचीच १९ सेंमी, त्यामुळे मुस्तफाचं चित्र १६ सेंमी उंच येतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे पडतात. आता १७ इंची जुना चौकोनी मॉनिटर घ्या, १२८० बाय १०२४ वाला. त्यावरही पट चौपटच, पण त्याची उंची २७ सेंमी असल्यामुळे चित्र साडेतेवीस सेंमी उंच मिळतं. ४:३ ने रुंदी ११९५ बिंदू होते, म्हणजे १२८० पैकी जवळजवळ सगळी वापरात आली. पॅक-मॅन तिप्पट करून ८६४ ओळींत बसतो: २३ सेंमी उंच, १८ सेंमी रुंद. स्क्रीन फिरवायची गरजच उरत नाही.

असे मॉनिटर कार्यालयांच्या भंगारात मिळतात. घेताना मागे केबलसाठी व्हीजीएशिवाय डीव्हीआय हा जोडही आहे का बघा. असेल तर मायक्रो एचडीएमआय ते डीव्हीआय साधी केबल पुरते. नसेल तर व्हीजीएसाठी कन्व्हर्टर लागेल, आणि तो नुसती केबल नव्हे, आत चिप असलेला हवा. मॉनिटर उघडून नागडा करू नका. जुन्या मॉनिटरमध्ये मागच्या दिव्यासाठी उच्च दाबाचा इन्व्हर्टर असतो, तो उघडा ठेवणं धोक्याचं आहे. पाठीमागे १०० मिमी अंतरावर चार एम४ स्क्रूंची भोकं असतात. पेटीत एक आडवी लाकडी पट्टी टाकून मॉनिटर त्या भोकांवर अडकवा. स्क्रीन २०-२५ अंश मागे कलती ठेवा. हे मॉनिटर बहुधा टीएन या एलसीडी जातीचे असतात आणि खालून बघितलं की काळवंडतात. कल नक्की करण्याआधी जिथे बसणार तिथे बसून, हाताने मॉनिटर कलवून बघा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कंट्रोल पॅनेलला. तुम्ही सान्वा या जपानी कंपनीचा जेएलएफ स्टिक आणि ओबीएसएफ-३० बटणं लिहिली आहेत. दोन्ही वस्तू उत्तम, पण त्या पातळ धातूच्या पॅनेलसाठी घडवलेल्या. ओबीएसएफ बटणाच्या बाजूला प्लास्टिकच्या दोन चिमट्या असतात, त्या पत्र्याच्या खालच्या कडेला अडकतात. १२ मिमी लाकडात त्यांना अडकायला कडच मिळत नाही, बटण नुसतं भोकात उभं राहतं आणि जोरात खेळलं की वर येतं. लाकडाला नट असलेली ओबीएसएन-३० लागतात. स्टिकचंही तेच: १२ मिमी खाली बसवला की दांडा तेवढा आखूड होतो आणि गोळा बोटांत नीट येत नाही. रूटरने खालून लाकूड कोरून ४-५ मिमी ठेवणारे आहेत, पण एमडीएफ तेवढ्या जाडीत स्क्रूभोवती फुटतो. त्यापेक्षा लेझर कटिंगवाल्याकडून २ मिमी लोखंडी पत्रा कापून घ्या. बटणांना ३० मिमी, स्टिकच्या दांड्याला २४ मिमी भोक, स्टार्ट आणि कॉइनसाठी २४ मिमीची छोटी बटणं. स्टिकच्या पट्टीची भोकं कागदावर टिपून मगच कटिंगला द्या आणि काउंटरसंक बोल्ट वापरा, म्हणजे तळहाताला डोकी लागणार नाहीत. पत्र्याखाली प्लायची चौकट, मागच्या कडेला बिजागरी. पुढे एखादा मायक्रोस्विच बदलायचा झाला तर झाकणासारखं पॅनेल उचलता आलं पाहिजे.

बटणांच्या केंद्रांतलं अंतर ३६ मिमी ठेवा. सरळ रेषेत लावू नका, बोटं जशी नैसर्गिक वळणात पडतात तशी लावा. जाड पुठ्ठ्यावर भोकं कापून त्यात बटणं आणि स्टिक बसवा आणि थोडा वेळ हात ठेवून बघा. स्टार्ट आणि कॉइन समोरच्या उभ्या पट्टीवर घ्या, आणि एकमेकांपासून लांब. रेट्रोपायमध्ये (पायवर जुने खेळ चालवणारी प्रणाली) बहुधा कॉइनलाच सिलेक्टचं काम दिलं जातं, आणि सिलेक्ट व स्टार्ट एकत्र दाबले की खेळ बंद होतो. शेजारी-शेजारी असतील तर रंगात आलेला खेळ लहान मूल एका थापेत बंद करतं.

पॅक-मॅनबद्दल एक महत्त्वाचं. तो चार दिशांचा खेळ आहे, मुस्तफा आठ दिशांचा. आठ दिशांच्या स्टिकवर पॅक-मॅन खेळलात तर वळणावर दांडा तिरका जातो आणि नेमकं वळण चुकतं. दोष हाताचा नसतो. जेएलएफच्या खालची चौकोनी गेट (दांड्याची हालचाल अडवणारी चौकट) ४५ अंश फिरवली की स्टिक चार दिशांची होते. पॅनेल बिजागरीवर असेल तर हे अगदी सोपं काम.

लाकडाबद्दल थोडक्यात: एमडीएफ कापायला गुळगुळीत असतो, पण पावसाळी हवेत उघडी कड फुगते. कोकणात किंवा मुंबई-ठाण्यात राहत असाल तर १२ मिमी बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) प्लाय घ्या, वरून सनमायका. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकावर एक क्लॅम्प करून एकदम कापा, आकार तंतोतंत जुळतो. तळाला रबरी पाय हवेतच; मुस्तफा खेळताना स्टिक जोरात ओढला जातो आणि हलकी पेटी पुढे सरकते. तळाशी आणि मागे वरच्या बाजूला हवेसाठी फटी ठेवा. पाय ४ ८० अंशांवर वेग कमी करतो, आणि आपल्या मे महिन्यात बंद पेटीत तिथवर जायला वेळ लागत नाही.

वायरिंगला यूएसबी एन्कोडर (बटणांच्या वायरी यूएसबीने पायला जोडणारी छोटी पाटी) घ्या, प्रत्येक खेळाडूला एक. सान्वाच्या बटणांना २.८ मिमीचे टर्मिनल लागतात. स्वस्त संचांसोबत बऱ्याचदा ४.८ चे येतात आणि ते ढिले बसतात. एन्कोडर कोणत्या यूएसबी भोकात आहे ते लिहून ठेवा, अदलाबदल झाली तर पहिला आणि दुसरा खेळाडू बदलू शकतो. पायला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला पुरवठा द्या. स्क्रीनवर विजेची खूण दिसली की व्होल्टेज कमी पडतंय असं समजा. आवाजासाठी पीएएम८४०३ चा छोटा अँप्लिफायर आणि ३ इंची दोन स्पीकर पुरतात, पण त्याला वीज पायच्याच पुरवठ्यातून घेतली तर गुणगुण ऐकू येते. वेगळा चार्जर द्या. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत मिळेल.

बंद करायला सरळ वीज तोडू नका, कार्डावरची फाइल बिघडते. पायच्या पाचव्या आणि सहाव्या पिनवर साधं पुशबटण लावा आणि config.txt या सेटिंगच्या फाइलमध्ये dtoverlay=gpio-shutdown ही ओळ घाला. त्याच बटणाने बंदही होतो आणि परत चालूही.

खेळांच्या फायलींवर कंपन्यांचे हक्क आहेत, त्यामुळे त्या कुठून उतरवायच्या हे मी सांगणार नाही. चाचणीसाठी मेम (MAME) या एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, स्वतःच्या संकेतस्थळावर ग्रिडली, रॉबी रोटो असे काही खेळ हक्कधारकांच्या परवानगीने मोफत आहेत. एक लक्षात ठेवा, फायलींचा संच आणि एम्युलेटरची आवृत्ती जुळावी लागते. खेळ सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. कॅपकॉम आणि निओ जिओच्या (मेटल स्लग, किंग ऑफ फायटर्स) खेळांसाठी पायवर एफबीनिओ हा एम्युलेटर वापरा.

पुठ्ठ्याचं पॅनेल झालं की दोघांचे हात त्यावर ठेवलेला फोटो आणि तुमच्या मॉनिटरचा मॉडेल क्रमांक इथे टाका. कटिंगला देण्याआधी भोकांची मापं मी तपासून देतो.