कोकणात किनाऱ्यावरच्या गावात राहतो. दहशतवादी हल्ल्यासारखा प्रसंग आलाच, तर घरच्यांनी आणि वाडीने काय तयारी ठेवावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: घरात काय सांगून ठेवायचं, आणि वाडीची बैठक घेतली तर म्हातारी माणसं आणि पोरं न घाबरता तिथे काय बोलायचं. मी श्रीवर्धन तालुक्यातला, गावच्या सागर सुरक्षा दलात, म्हणजे किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या गटात आहे. सरकारी माणूस नाही, तेव्हा हे गावकऱ्याचं उत्तर समजा.

अर्धी तयारी तुमच्या घरात आधीच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले, रस्ते झाडांनी अडले. त्यानंतर ज्यांनी बॅटरी, भरलेली पॉवर बँक, म्हाताऱ्यांची आठवडाभराची औषधं, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि थोडी रोकड एका पिशवीत ठेवायची सवय लावून घेतली, त्यांना वेगळं काही घ्यायला नको. रोकड मुद्दाम म्हणतोय. नेट गेलं की फोनवरून पैसे देणंही गेलं.

फरक एकाच गोष्टीत आहे आणि बैठकीत तोच ठासून सांगा. वादळात आपण माणसं गोळा करतो, शाळेत नाहीतर देवळात. स्फोट किंवा गोळीबार झाला तर माणसं पांगवायची. आपल्याकडे मोठा आवाज झाला की अख्खी वाडी आवाजाच्या दिशेने पळते, पोरं तर सगळ्यांच्या पुढे. वृत्ती चांगलीच आहे, पण जमलेल्या गर्दीसाठी दुसरा स्फोट ठेवलेला असू शकतो. गर्दी झाली की ॲम्ब्युलन्सलाही वाट मिळत नाही, आणि आपल्या वाडीतले रस्ते किती रुंद असतात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून आधीच ठरवा: प्रथमोपचार येणारी चारपाच माणसं पुढे जातील, दोघं रस्ता मोकळा ठेवतील, बाकीचे घरात आणि खिडकीच्या काचांपासून लांब.

हे ऐनवेळी ओरडून सांगणार कोण, हेही ठरलेलं हवं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री (२६/११) मुंबईच्या सीएसटी स्टेशनवर गोळीबार चालू असताना उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून प्रवाशांना बाहेर कुठून पडायचं ते माइकवर सांगत राहिले आणि त्यामुळे कितीतरी माणसं वाचली. गावात देवळाचा आणि मशिदीचा भोंगा असतो. दोन्हीकडे बोलणारं माणूस नेमून ठेवा आणि त्याने काय म्हणायचं ते कागदावर लिहून तिथेच चिकटवा. दोन वाक्यं पुरेत: काय झालंय आणि कुणी कुठे जायचं. वीज गेलेली असेल हे धरून बॅटरीवर चालणारा हातातला भोंगाही ठेवा. ग्रामपंचायतीला तो जड नाही.

आता घर. मला विचाराल तर आपल्या घरांना खरा धोका गावापेक्षा मुंबईत जास्त आहे. अर्धं घर विरार, दिवा, डोंबिवलीला आणि रोज लोकलमध्ये. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये सात स्फोट झाले, सगळे मिळून साधारण ११ मिनिटांत. त्या संध्याकाळी मुंबईचे फोन लागत नव्हते आणि इथे गावोगाव आयाबाया फोनपाशी बसून होत्या. यावर एक साधा नियम लावून घ्या. असं काही झालं तर मुंबईकराने घरी फोन करत बसायचं नाही, एक मेसेज टाकायचा: मी बरा आहे, अमुक ठिकाणी आहे. आणि तो पुणे, कोल्हापूर असल्या तिसऱ्या ठिकाणच्या ठरलेल्या नातेवाइकाला. फोन लागत नसतानाही मेसेज बरेचदा जातो. मग गावाने आणि मुंबईने दोघांनीही त्या एकाच माणसाला विचारायचं. त्याचा नंबर भिंतीवर कागदावर लिहा आणि पोरांकडून पाठ करून घ्या. आता कुणाला बायकोचाही नंबर पाठ नसतो.

गोळीबारात सापडलात तर आधी निसटायचं, निसटता येत नसेल तर लपायचं. २६/११ च्याच रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत नेलं, दारं लावली, दिवे घालवले आणि सगळ्यांना शांत ठेवलं. पोरांना हे एवढंच सांगा: दार लाव, दिवा बंद, फोन सायलेंट. चित्रं रंगवून सांगू नका. मॉक ड्रिलमध्ये ऐकू येणारा सायरनचा भोंगाही समजावून द्या: चढउतार करत वाजला तर धोका, एकसलग वाजला तर संपलं. ७ मे २०२५ च्या सरावाच्या यादीत रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिन्ही जिल्हे होते.

रक्तस्राव हा विषय मात्र नुसता बोलून सोडू नका, करून दाखवा. आपल्याकडून माणसाला माणगाव किंवा अलिबागला न्यायचं म्हणजे वेळ जातो, आणि मोठी नस तुटली असेल तर हातात काही मिनिटंच असतात. स्वच्छ पंचा जखमेवर ठेवायचा आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबायचं. सारखं उचलून बघायचं नाही. काच किंवा पत्रा रुतलेला असेल तर तो उपसायचा नाही, त्याच्या बाजूंनी दाबायचं. हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रुंद कापड बांधायचं, गाठीत दांडकी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळायचं, दांडकी पक्की करायची आणि किती वाजता बांधलं ते पेनाने कपाळावर लिहायचं. मग डॉक्टरच सोडतील. काथ्या किंवा जाळ्याची दोरी वापरायची नाही, बारीक दोरी कातडीत रुतते आणि रक्त थांबतच नाही. हे दुखतं आणि जखमी ओरडतो, ते आधी सांगितलेलं बरं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना बोलवा आणि हे एकमेकांच्या दंडावर हलक्या हाताने करून बघा. आमच्याकडे कोळणींनी पुरुषांच्या आधी हात बसवला.

किनाऱ्याचं सांगायचं तर फेब्रुवारी १९९३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चच्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसं गेली. पुढे खटल्यात काही पोलीस आणि कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. म्हणून बैठकीत कुणी एका जमातीकडे बोट दाखवलं तर लगेच थांबवा. तेव्हा वाट पैशाने उघडली होती. नजर ठेवायची ती वागण्यावर: रात्री बिगरदिव्याची होडी, एकाएकी भाड्याने मागितलेलं किनाऱ्यालगतचं बंद घर, कागद दाखवायला टाळणारा नवा खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत अनोळखी बोट दिसली तर तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. सागरी पोलिसांना १०९३, तटरक्षक दलाला १५५४, बाकी कशालाही ११२, ॲम्ब्युलन्सला १०८. बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, जवळ उभं राहून फोन करायचा नाही, आधी लांब जायचं. गणपतीत एसटी स्टँडवर आणि कोकण रेल्वेच्या फलाटावर हे कठीण आहे, निम्म्या बॅगा बेवारसच वाटतात. तरी आधी मोठ्याने “कुणाची?” विचारावं.

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बोट लागली, आत एके-४७ रायफली, टीव्हीवर दिवसभर तेच. ती मस्कतहून युरोपला निघालेली आणि इंजिन बिघडल्यावर सोडून दिलेली बोट निघाली. कळवणाऱ्यांनी बरोबर केलं. खात्री न करता मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी मात्र गाव उगाच घाबरवलं. २६/११ ला टीव्हीवरचं थेट चित्रण अतिरेक्यांच्या सूत्रधारांना उपयोगी पडलं, त्यावर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये वाहिन्यांना झापलं होतं. तेव्हा पोलीस कुठे उभे आहेत त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणाऱ्याला ॲडमिनने लगेच काढायचं, आणि हेही आधी ठरवून.

आणि हल्ला कुठेही होवो, दिल्लीत होवो की मुंबईत, त्याच संध्याकाळी पोलीस पाटील, देवळाचे मानकरी आणि मशिदीच्या जमातीचे अध्यक्ष यांनी चावडीवर एकत्र बसायचं. आमच्याकडे कुणाच्या घरून चहा आणायचा हेसुद्धा ठरलेलं आहे. बैठक घेणार असाल तर मासेमारी बंदीच्या दिवसांत घ्या, तेव्हा तांडेल आणि खलाशी घरी सापडतात. मे महिन्यात घेतलीत तर निम्मी माणसं लग्नाला गेलेली असतील.