फ्रिजमधलं काय, किती दिवस? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तुरीचे सोले दरवर्षी फ्रीझरमध्ये भरून ठेवतो. दोन महिन्यांत पिवळट पडतात, वाळल्या गवतासारखा वास येतो, शिवाय सगळ्यांचा एकच गोळा होतो. (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : सोले कच्चेच भरले जातात, म्हणून हे होतं. दाणा शेंगेतून निघाला तरी त्यातली एन्झाइम कामाला असतातच. गारठ्यानं ती मंदावतात, पण थांबत नाहीत. रंग, गोडी आणि वास तीच घालवतात, आणि त्यांना थांबवायला उकळतं पाणीच लागतं.

बर्फाचे ट्रे आदल्या रात्रीच लावून ठेवा. शेंगा तोडल्या त्याच दिवशी सोला. मोठ्या गंजात ४ लिटर पाणी खळखळ उकळू द्या आणि एका वेळी अर्धा किलोच सोले टाका. जास्त टाकले की पाणी निवतं, पुन्हा उकळी यायला वेळ जातो आणि तेवढ्यात दाणे शिजून जातात. उकळी परतली की घड्याळ लावून दीड ते दोन मिनिटं. लगेच चाळणीत उपसून तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवा. मग सुती कापडावर पसरा. दाणा चोळला तर बोटाला ओल लागायला नको, कारण गोळा होतो तो या ओलीमुळेच. कोरडे दाणे ताटलीत एका थरात पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. ताटली हलवल्यावर खड्यासारखे वाजले की पिशव्यांत भरा, एका भाजीपुरते, पाव-पाव किलो. पिशवीतली हवा दाबून काढा, वर तारीख लिहा. वापरताना आधी बाहेर काढून ठेवू नका, थेट फोडणीत टाका.

किती टिकतील ते फ्रीझरवर आहे. उणे १८ अंशांना आठ-दहा महिने चव राहते. पण एका दाराच्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा गार होत नाही. त्यात आइस्क्रीम दगडासारखं राहत नसेल तर सोले दोन-तीन महिन्यांतच संपवा. दारावरचे स्टार पाहून फसू नका. ते विजेच्या बचतीचे आहेत, गारव्याचे नाहीत.

प्रश्न : उन्हाळ्यात चार-पाच तास लाईन नसते. आतलं काय ठेवावं, काय फेकावं? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास गारवा धरतो. मे महिन्यात टिनाच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात त्याहून कमीच धरा. फ्रीझरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, पाणी गोठताना फुगतं. लाईन गेली की त्यातल्या दोन बाटल्या खाली दुधाशेजारी ठेवा.

शेतात किंवा गावाला गेल्यावर मागे किती वेळ लाईन नव्हती ते कळण्यासाठी वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर फ्रीझर तगला. नाणं तळाशी गोठलेलं दिसलं तर सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. मग आतलं मटण-मासळी फेका. दूध, वरण, भाजी, शिजलेलं मटण दोन तासांहून जास्त कोमट राहिलं तरी तेच करा. वास आला नाही म्हणून चांगलं, असं समजू नका. तूप, लोणचं, ठेचा, कच्च्या भाज्या यांना धोका नाही.

लाईन येताच फ्रिज लगेच सुरू करू नका, चार-पाच मिनिटं जाऊ द्या. कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. टाइम-डिले असलेला स्टॅबिलायझर असेल तर तो हे स्वतःच करतो.

प्रश्न : रात्रीचा भात निवायला ठेवून सकाळी फ्रिजमध्ये टाकला तर चालतो का? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : नाही. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते रात्रभर वाढतात आणि विष सोडतात. सकाळी फोडणी दिली तरी ते विष जात नाही. भात परातीत दोन बोटं जाडीचा पसरा, पंख्याखाली तासाभरात निववा आणि झाकून आत ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवा. वरण-भाजीलाही हाच नियम, फक्त ती तीन दिवस चालते. खोल गंज तसाच आत ठेवला तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो.

प्रश्न : वांगी आतून काळी पडतात, सांबार (कोथिंबीर) चिकट होतो. (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : वांग्याला १० अंशांखालचा गारवा सोसत नाही, बिया काळ्या पडतात. भरताची वांगी सावलीत टोपलीतच ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा. आलू-कांदेही बाहेरच, पण एकमेकांपासून दूर. सांबार धुऊन ठेवू नका. मुळं कापा, पिवळी पानं काढा, कोऱ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. कागद ओलसर लागला की बदला.

प्रश्न : फ्रीझरमध्ये बर्फाचा थर साचतो. सुरीनं खरवडावा का? (तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : मुळीच नाही. पातळ पत्र्याच्या आतून गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात. सुरीचं टोक लागलं की गॅस जातो आणि दुरुस्तीचा खर्च बराच येतो. थर अर्ध्या सेंटिमीटरचा झाला की डिफ्रॉस्टचं बटण दाबा किंवा फ्रिज बंद करून आत गरम पाण्याचं भांडं ठेवा. थर फार भराभर साचत असेल तर दाराचं रबर तपासा. दहाची नोट दारात धरून दार लावा. ओढल्यावर ती सहज निघाली तर रबर सैल आहे, तिथूनच दमट हवा आत शिरते.