चाहत्यांनी बनवलेला मल्टिप्लेयर मॅप चांगला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या फेस्टमध्ये सीएस १.६ ची (काउंटर-स्ट्राइक या बंदुकबाजीच्या गेमची) लॅन स्पर्धा आहे, म्हणजे सगळी मशीन एकाच जागी जोडून, मुलांनी स्वतः बनवलेले आठ मॅप, म्हणजे खेळायची मैदानं, आलेत आणि त्यातले दोन निवडायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. उघडून बघितले तर सगळेच भारी वाटतायत.

वाटणारच. नुसतं उघडून बघितलं तर कुठलाही मॅप भारी वाटतो. स्क्रीनशॉटवरून मॅप निवडणं म्हणजे लग्नपत्रिका बघून जेवण कसं असेल ते सांगणं. मी कॉलेजात असताना सदाशिव पेठेतल्या एका सायबर कॅफेत पडीक असायचो आणि तिथल्या मशीनवर मॅप लावायचं काम आपसूक माझ्याकडे आलं होतं. त्या अनुभवावरून सांगतो. गेम असा: टेररिस्ट (टेरर) ए किंवा बी या दोन जागांपैकी (साइट) एकीवर बॉम्ब लावायला बघतात, काउंटर-टेररिस्ट (सीटी) त्यांना अडवतात किंवा लागलेला बॉम्ब निकामी करतात.

आधी रिकाम्या मॅपमध्ये एकटे चाला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. सुरी हातात असताना खेळाडू सेकंदाला २५० युनिट (गेममधलं अंतराचं माप) पळतो, एके रायफल घेतली की २२१. पहिल्या धावेत सगळे सुरी काढूनच पळतात, म्हणून मोजायचं तेही सुरीनेच. एकदा टेररच्या स्पॉनपासून (राउंड सुरू होताना खेळाडू जिथे उभा असतो ती जागा) निघा, एकदा सीटीच्या, आणि प्रत्येक वाटेवर दोघं कुठे समोरासमोर येतील तिथे कागदावर खूण करा. सवय नसेल तर आधी डस्ट टू या गाजलेल्या मॅपवर करून बघा. बी साइटवर सीटी आरामात आधी पोचतो, पण तिकडे जाताना त्याला मिडच्या, म्हणजे मधल्या वाटेच्या, दारांसमोरून पळावं लागतं, आणि त्या फटीवर टेररचा मॅग्नमवाला, म्हणजे स्नायपर, पहिल्या क्षणापासून टपलेला असतो. लाँगच्या, म्हणजे ए साइटकडे जाणाऱ्या लांब वाटेच्या, दारापाशी दोघं जवळजवळ एकाच वेळी येतात. कोणाला कुठला स्पॉन मिळाला यावर तिथली गोष्ट ठरते. म्हणजे कुठे पोचणं सोपं पण वाटेत धोका, कुठे बरोबरीची मारामारी. ही मोजणी जमली की मॅपचं निम्मं काम झालं.

(डस्ट टू काही कंपनीच्या मीटिंगमधून निघालेला नाही, बरं का. आधीचा डस्ट १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्ह जॉन्स्टन नावाच्या पोराने हौसेने बनवला. दिसणं त्याने तेव्हा बाजारात न आलेल्या टीम फोर्ट्रेस २ च्या चित्रांवरून उचललं होतं, हे त्यानेच सांगितलंय. डस्ट टू २००१ चा.)

दुसरी मोजणी ए साइटपासून बी साइटपर्यंतची. स्पर्धेत बॉम्बचा टायमर साधारण ३५ सेकंद ठेवतात. किट (बॉम्ब निकामी करायचं साधन) नसेल तर बॉम्ब निकामी करायला १० सेकंद लागतात, असेल तर ५. आता ए वरून बी वर जायलाच २२ सेकंद लागत असतील, तर किट नसलेल्या सीटीला मारामारीसाठी उरले ३ सेकंद. बॉम्ब लागला की फेरी संपल्यात जमा. उलट ६-७ सेकंदांतच पोचता येत असेल, तर टेररने एकीकडे हूल देऊन दुसरीकडे जाण्याला अर्थच राहत नाही. हौशी मॅपमध्ये हे अंतर फार वेळा चुकतं, कारण बनवणारा मॅप वरून बघत असतो, पळत नसतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, मार खाऊन सांगतोय. मी एक वाडा बनवला होता. ओसरी, मधला चौक, माजघर, माडीवर जाणारा लाकडी जिना, परसात विहीर. हॅमर या मॅप बनवायच्या एडिटरमध्ये तीन महिने घातले, भिंतींची टेक्स्चर आमच्याच वाड्याचे फोटो काढून केली. पहिल्या संध्याकाळी कॅफेत नुसता कल्ला, जो तो तुळशीवृंदावनाभोवती उड्या मारतोय. तिसऱ्या संध्याकाळी मॅप लावला तर मागच्या रांगेतून आवाज आला, "ए, डस्ट लाव ना!"

कारण दिसायला अगदी साधं होतं, पण मला दिसत नव्हतं. बॉम्बची एक जागा माडीवर आणि जिना एकच. वर एक जण मॅग्नम घेऊन बसला की खालच्या पाच जणांनी करायचं काय? फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) टाकावा तर जिन्याला छत, तो आपटून परत आपल्याच तोंडावर. त्यात मी खऱ्या वाड्यासारखी दारं बुटकी ठेवली होती, ६४ युनिटची. उभा खेळाडू ७२ युनिट उंच असतो. म्हणजे प्रत्येक दारात वाकायचं, वाकला की वेग पडतो, आणि मागचे चार जण त्याच्या पाठीवर आदळतात. शेवटी परसातून माडीवर दुसरा जिना काढला आणि दारं उंच केली. आमच्या वाड्यात तसा जिना कधी नव्हता, पण लोक खेळायला लागले.

म्हणून रिकाम्या फेरफटक्यानंतर पाच विरुद्ध पाच असे पूर्ण ३० राउंड खेळवा, १५ नंतर बाजू बदलून. तुम्ही खेळू नका, स्पेक्टेटर म्हणून बसा. मॅपचा वरून दिसणारा आराखडा छापून घ्या आणि जो जिथे मरेल तिथे फुली मारा. शेवटी सगळ्या फुल्या एकाच दारात गोळा झाल्या असतील तर तो मॅप नाही, बोळ आहे. एखाद्या भागात तीस राउंडमध्ये कुणी फिरकलंच नसेल, तर ती जागा कितीही सुंदर असो, वाया गेली. बाजू बदलल्यावरही सीटीच १५ पैकी १२-१३ राउंड मारत असतील तर टेररवर अन्याय आहे. ९-६ ला हरकत नाही.

तांत्रिक गोष्टी पटकन उरकता येतात. मॅप बनवणाऱ्याच्या मशीनवर नाही, लॅबमधल्या सगळ्यात रद्दी मशीनवर लावा. टेक्स्चरची वॅड फाइल सोबत द्यायला लोक हमखास विसरतात, मग बनवणाऱ्याकडे चालणारा मॅप बाकीच्यांना आतच येऊ देत नाही. सगळीकडे सपाट, सावलीशिवाय उजेड दिसला तर लायटिंगचं कंपाइल (उजेड-सावलीचा हिशोब) झालेलंच नाही. साध्या खोलीतही फ्रेम पडत (चित्र अडखळत) असतील तर बहुधा मॅपला कुठेतरी भोक आहे. भोक असलं की कुठून काय दिसतं याचा हिशोब होत नाही आणि भिंतीपलीकडचंही सगळं मशीन काढत बसतं. स्पॉनच्या जागा मोजा. कमी असतील तर एक जण दुसऱ्याच्या डोक्यावर जन्माला येतो आणि राउंड सुरू व्हायच्या आत एक मेलेला. पब्लिक हसतं, पण फायनलला हसणार नाही.

एक मात्र सांभाळा. वरची सगळी मापं बॉम्बच्या मॅपसाठी आहेत. आठांपैकी एखादा आइसवर्ल्डसारखा असेल, चार भिंती, जमिनीवर पडलेल्या बंदुका आणि धुमश्चक्री, तर त्याला रोटेशनचं (एका साइटवरून दुसरीवर जाण्याचं) गणित लावून नापास करू नका. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की दोन्ही बाजूंना बंदुका सारख्याच अंतरावर असाव्यात आणि मेल्यावर फार वेळ बसून राहावं लागू नये. आइसवर्ल्डवर आम्ही अख्ख्या दुपारी घालवल्यात. पण पाच-पाचच्या स्पर्धेत तो घेऊ नका. हवा तर फेस्टच्या बाहेरच्या टेबलावर टाइमपासला ठेवा.

आणि चाचणीच्या वेळी ज्याचा मॅप त्याला खेळायला बसवू नका. त्याला प्रत्येक खोक्यामागची जागा पाठ असते, तो वीसेक किल काढतो आणि त्याची टीम "मॅप जबरदस्त आहे" म्हणत उठते. त्याला तुमच्या शेजारी खुर्ची द्या आणि गप्प बसायला सांगा. पाचव्या राउंडला तो "अरे, तिकडून नाही, इकडून रस्ता आहे!" असं ओरडलाच, तर त्या जागीही एक फुली मारा.