अल्कलिनिटी 5.8 आली म्हणून आज रात्रीच बफर ओतू नका

तुमच्या प्रश्नातलं मुद्द्याचं तेवढं घेतो: न्यू जर्सीत घरी 200 लिटरचा रीफ टँक (जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक), त्यात हॅमर आणि झोआ ही कोरल म्हणजे प्रवाळं, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) 5.8 डीकेएच (तिचं एकक), सकाळचा पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली ते सांगणारा आकडा) 7.8, आणि दुकानदाराने दिलेली ‘पीएच बफर’ची बाटली (दोन्ही वाढवणारं रसायन) आज ओतायची का. ती कपाटात ठेवा. पीएच आणि अल्कलिनिटी हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ती बाटली दोघांची खिचडी करते.

पीएचचं आधी. जानेवारीत खिडक्या बंद, घरात माणसं, गॅसवर स्वयंपाक. घरातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्यात उतरतो. रात्री दिवे गेले की शैवाल तो वापरायचं थांबतं, म्हणून पहाटे पीएच सगळ्यात खाली असतो. खात्री करायची तर टँकचं पेलाभर पाणी घराबाहेर ठेवून तासभर एअर स्टोनने (बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाने) हवा द्या, मग ते खोलीच्या तापमानाला आणून मोजा. पीएच वर गेला तर दोष खोलीतल्या हवेचा. स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली की बहुतेकदा भागतं. बफर घातलात तर पीएच थोडा वेळ चढेल, उद्या सकाळी पुन्हा उतरेल, तुम्ही पुन्हा घालाल, आणि आठवड्याभरात अल्कलिनिटी 12 वर. पीएच 7.8 ला कोरल मरत नाहीत. असल्या उड्यांनी मरतात.

आता 5.8. हा आकडा खरा आहे का? किटमधल्या रिएजंटची (चाचणीच्या रसायनाची) मुदत पाहा, सिरिंजमध्ये बुडबुडा नको, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कंपनीच्या किटने मोजा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खारेपणा, म्हणजे पाण्यातलं मीठ. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग मिठाच्या) प्रमाणित द्रावणावर कॅलिब्रेट करा, नुसत्या आरओ (फिल्टरने शुद्ध केलेल्या) पाण्यावर नको. पाणी 31 पीपीटीचं असेल तर अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळंच कमी दिसणार. मग आधी खारेपणा हळूहळू वर आणायचा, बाकीचं नंतर.

हे सगळं ठीक असूनही 5.8 च आली, तर 8 पर्यंत जाऊ. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात ती साधारण 7 असते, त्यामुळे 10-11 चा हट्ट कशाला? त्यातून नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ असतील तर चढी अल्कलिनिटी कोरलना बाधते.

हिशोब सोपा आहे. 100 लिटर पाण्यात 1 डीकेएच वाढवायला साधारण 3 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो (बेकिंग पावडर नव्हे!). दगड-वाळू वजा जाता तुमचं पाणी 170 लिटर धरू, म्हणजे 1 डीकेएचला 5 ग्रॅम. 2.2 ची तूट भरायला एकूण 11 ग्रॅम. दिवसाला 1 डीकेएचच्या वर कधीच जाऊ नये. मी अर्ध्यावरच थांबतो. म्हणून रोज अडीच ग्रॅम, पाचेक दिवस. चमच्याने नाही, छोट्या वजनकाट्यावर. अर्धा लिटर आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेल्या) पाण्यात पूर्ण विरघळवून, प्रवाह जोरात असेल तिथे अर्ध्या तासात थोडं थोडं सोडा. कॅल्शियमचा डोस त्याच वेळी देऊ नका. दोन्ही एका जागी भेटले की पांढरा साका होतो आणि दोन्ही वाया जातात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजूनच पुढचा डोस.

8 झाली की दोन दिवस काही घालू नका. 7.4 वर आली तर रोजची खपत 0.3, म्हणजे दीड ग्रॅम सोडा. हा रोजचा डोस वेगळा आणि वरची तूट भरणं वेगळं. बहुतेक लोक इथेच गोंधळतात. चुकून जास्त पडलीच तर आम्ल ओतून उतरवू नका, डोस थांबवा. कोरल स्वतः वापरतील. पाणी बदलताना नव्या मिठाच्या पाण्याचीही अल्कलिनिटी मोजा, काही मिठं 11-12 ची असतात.

हे वाचणाऱ्या भारतातल्या मंडळींसाठी: प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या संरक्षित यादीत आहेत. मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे.

तुम्ही मॅग्नेशियम सांगितलेलं नाही. ते 1200 पीपीएमच्या (दशलक्षात 1200 भागांच्या) खाली असेल तर सोडा घालूनही अल्कलिनिटी टिकणार नाही, कारण कॅल्शियम कार्बोनेट हीटर-पंपावरच बसत राहील. तो आकडा आणि कॅल्शियम मोजून इथे टाका, मग रोजच्या डोसचं बोलू.